मेथीचा वास: एका नवजात बाळाच्या एमएसयूडीचं (चयापचयाच्या एका जन्मजात आजाराचं) प्रकरण

हे प्रकरण पालकांच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातलं, पेडण्याच्या बाजूचं कुटुंब. जून महिना, पावसाची झड लागलेली. गुरुवारी दुपारी एका लहान रुग्णालयात मुलगा जन्मला. वजन २.९ किलो. लगेच रडला, तासाभरात अंगावर प्यायला लागला. शनिवारी संध्याकाळी मायलेकरं घरी गेली.

शनिवारी रात्रीच बाळाच्या आजीला लंगोट बदलताना वास आला. गोडसर, भाजलेल्या मेथीसारखा. तिला त्यात वावगं काहीच वाटलं नाही, उलट बरं वाटलं. बाळंतिणीला मेथीचे लाडू सुरू केले होते, सकाळी मेथी घातलेली पेज होती. खाल्लेलं अंगी लागतंय, दुधात उतरतंय, असा तिचा हिशेब. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हाच हिशेब झाला असता.

रविवारी संध्याकाळी बाळ नीट ओढेना. सोमवारी ते पेंगुळलेलंच राहिलं, म्हणून जवळच्या दवाखान्यात दाखवलं. आईचं दूध कमी पडत असेल, वरचं दूध द्या, असा सल्ला मिळाला. डब्याच्या दुधात आईच्या दुधापेक्षा प्रथिनं जास्त असतात. बाळाला त्या वेळी नेमकी तीच नको होती, पण ते कुणाला माहीत नव्हतं.

मंगळवारी रात्री बाळाने पाठीची कमान केली, डोळे फिरवले आणि सायकल चालवल्यासारखे पाय हलवायला लागलं. १०८ची गाडी त्याला आमच्याकडे घेऊन आली तेव्हा वजन २.६ किलो होतं.

आजार थोडक्यात

मेपल सिरप युरिन डिसीज, म्हणजे एमएसयूडी. ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं आपण खातो त्या जवळजवळ सगळ्या प्रथिनांत असतात. ती मोडण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम जन्मतःच निकामी असलं की ती आणि त्यांची कीटो आम्लं रक्तात साठतात. त्यातलं ल्यूसिन मेंदूला सर्वांत घातक. त्याने मेंदूला सूज येते. पोटात असेपर्यंत वारेमार्फत आईचं शरीर हा कचरा उपसत असतं, त्यामुळे बाळ जन्मतं ते ठणठणीत. तीव्र प्रकारात दोन-तीन दिवसांत दूध कमी होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी गुंगी आणि झटके येतात, आठवड्या-दीड आठवड्यात श्वास थांबतो.

१९५४ साली जॉन मेंकेस या डॉक्टरांनी एकाच घरातल्या भावंडांमध्ये हा आजार पाहिला आणि लघवीच्या वासावरून त्याला नाव पडलं. मेपलचा पाक आपल्याकडे कुणी हुंगलेला नसतो. ज्या द्रव्यामुळे त्या पाकाला तो वास येतो ते सोटोलोन मेथीतही असतं. म्हणून आपल्या बाळांना हा आजार झाला की मेथीचा वास येतो. आईने बाळंतपणाच्या सुमारास मेथी खाल्ली तर निरोगी बाळालाही तसाच वास येऊ शकतो, ही त्यातली मेख.

अडचण

आमच्याकडे आलं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात जंतुसंसर्ग होता. आठवड्याच्या आतलं बाळ, पीत नाही, झटके येतात: बऱ्याचदा तोच निघतो. अँटिबायोटिक सुरू केली. साखर ७८, रक्ताचं आम्लपण किरकोळ, अमोनिया थोडा वाढलेला पण घाबरवणारा नाही, सोडियम १३८. पाठीतलं पाणी स्वच्छ. बुधवारी पहाटे श्वास अडायला लागला म्हणून व्हेंटिलेटरवर घेतलं.

तोंडावाटे सगळं बंद होतं. शिरेतून ग्लुकोज जात होतं ते नेहमीच्या वेगाने, मिनिटाला किलोमागे ६ मिलीग्रॅम. बुधवारी संध्याकाळी, बाळ उपाशी आहे म्हणून, आम्ही शिरेतून अमिनो आम्लांचं द्रावणही जोडलं. आमच्या वॉर्डातली ती रोजची रीत आहे. त्यात ल्यूसिन असतंच. त्या सहीला माझं नाव आहे.

वास राउंडमध्ये सगळ्यांनाच आला होता. विचारल्यावर आईनेच लाडवांचं सांगितलं आणि विषय मिटला.

गुरुवारी रात्री दोनच्या सुमारास ड्यूटीवरच्या सिस्टरने लंगोट बदलला आणि मला हाक मारली. म्हणाली, "डॉक्टर, हे बाळ मंगळवारपासून आईचं दूध प्यालेलं नाही. मग मेथी येते कुठून?" तिने कापसाचा बोळा बाळाच्या कानात फिरवून माझ्या नाकापुढे धरला. कानातल्या मळाला लघवीपेक्षाही उग्र वास होता. मेथीचा असता तर दोन दिवसांत ओसरायला हवा होता. हा वाढला होता.

लघवीत पट्टी बुडवली. कीटोन तीन अधिक. नवजात बाळाच्या लघवीत कीटोन सहसा नसतातच, दिसले की चयापचयाचा आजार शोधायचा, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. मंगळवारपासून ती पट्टी त्याच खोलीतल्या खणात होती. पहाटे प्रयोगशाळेतून डीएनपीएच नावाचं जुनं अभिकर्मक मिळवून लघवीत घातलं, तर पिवळा गढूळ साका धरला, म्हणजे लघवीत कीटो आम्लं होती.

मग मी केसपेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: जी२ पी१ एल०. दुसरं गरोदरपण, आधीचं एक बाळंतपण, हयात मूल शून्य. तीन दिवसांत आम्ही सात-आठ जणांनी तो कागद हाताळला होता. ते शून्य कुणालाच दिसलं नाही. आईला उठवून विचारलं. पहिली मुलगी दोन वर्षांपूर्वी नवव्या दिवशी गेली होती. कागदावर कारण होतं जंतुसंसर्ग.

नात्यातलं लग्न? या रकान्यात "नाही" होतं. घाईत नवऱ्याला विचारलं आणि त्याने मान हलवली. आई मात्र पहिल्या दिवसापासून सासूबाईंना "आत्या" म्हणत होती. बऱ्याच सुना सासूला रीतीने आत्या म्हणतात, म्हणून आम्ही ते सोडून दिलं. त्या तिच्या सख्ख्या आत्या होत्या, वडिलांची बहीण.

कोणते मार्ग होते

पहाटे चार वाजता समोर तीन गोष्टी होत्या.

एक, रक्ताचे ठिपके मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचे आणि अहवालाची वाट बघायची. अहवाल शनिवारच्या आधी हातात पडणार नव्हता. खात्रीशिवाय उपचार करू नये असं वाटणाऱ्यांना हा मार्ग सुरक्षित वाटतो. मला तो त्या रात्री सर्वांत धोक्याचा वाटला. नसलेल्या आजारासाठी दीड दिवस प्रथिनं बंद ठेवली तर बाळाचं फारसं बिघडत नाही. असलेल्या आजारात दीड दिवस वाया घालवला तर मेंदू जातो.

दोन, बाळाला मुंबईला हलवायचं. तिथे इतक्या लहान बाळांचं हिमोडायलिसिस होतं आणि ते ल्यूसिन सर्वांत वेगाने उतरवतं. रस्त्याने साडेपाचशे-सहाशे किलोमीटर, व्हेंटिलेटरवर, भर पावसात घाटातून. विमानाची सोय झाली असती तरी दुपारच्या आधी नाही.

तीन, इथेच थांबायचं. शिरेतून भरपूर उष्मांक आणि सोबत पोटावाटे डायलिसिस. ते हळू असतं, पण आमच्या हाताखालचं होतं.

साडेचारला मुंबईतल्या एका चयापचयतज्ज्ञ बाईंना फोन लावला. ओळख नव्हती. पहिल्या घंटीला उचलला. त्यांचे पहिले दोन प्रश्न: "सोडियम किती आहे? आणि शिरेतून अमिनो आम्लं चालू आहेत का?" दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला एक क्षण लागला. बोलता बोलता मी हातानेच तो पंप बंद केला. साधारण ३३ तास तो चालला होता.

आम्ही तिसरा मार्ग घेतला. आमच्यातल्या एका सहकाऱ्याचं आजही मत आहे की शुक्रवारी दुपारी विमानाने न्यायला हवं होतं. त्याचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलेलं नाही.

काय केलं

आधी एक गैरसमज दूर करावा लागला, तो आमचा स्वतःचाच. तोंडावाटे बंद म्हणजे प्रथिनं बंद, असं आम्ही धरून चाललो होतो. उपाशी बाळ स्वतःचे स्नायू मोडतं आणि त्यातून ल्यूसिन रक्तात येतच राहतं. त्यामुळे उपचाराचा गाभा उपासात नाही, जेवू घालण्यात आहे. इतके उष्मांक द्यायचे की शरीराने स्नायूला हातच लावू नये. ग्लुकोज किलोमागे मिनिटाला १० ते १२ मिलीग्रॅमवर नेलं, त्यासाठी मोठ्या शिरेत नळी घातली. सोबत शिरेतून स्निग्ध पदार्थ. साखर चढली तेव्हा ग्लुकोज कमी न करता इन्सुलिन जोडलं. पाणी पातळ क्षारांचं द्यायचं नाही, सोडियम १४०च्या आसपास धरून ठेवायचं, कारण ते घसरलं की मेंदूची सूज वाढते. पोटावाटे डायलिसिस ४८ तास चाललं. थायमिनही सुरू केलं, क्वचित एखादं बाळ त्याला प्रतिसाद देतं.

शनिवारी अहवाल आला: ल्यूसिन २,८६० मायक्रोमोल. सामान्य बाळाचं दोनशेच्या खाली असतं. पहिल्या तपासणीत ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन वेगळे दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्या पद्धतीने पाहिलं. त्यात ॲलोआयसोल्यूसिन सापडलं. ते दिसलं की निदानात शंका उरत नाही.

अठ्ठेचाळीस तासांहून जास्त प्रथिनं बंद ठेवता येत नाहीत, नाहीतर शरीर पुन्हा स्वतःला खायला लागतं. तोवर ही तीन आम्लं वगळून बाकीची सगळी असलेली खास पावडर हवी. गोव्यात ती कुठेच नव्हती. बंगळूरला मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी डबा रात्रीच्या बसमध्ये ठेवला गेला, आणि शनिवारी सकाळी बाळाचे वडील पणजीच्या बसस्थानकावर छत्री धरून क्लीनरची वाट बघत उभे राहिले. आपल्याकडे आंबे, औषधं, पासपोर्ट सगळं याच वाटेने येतं.

ल्यूसिन शनिवारी रात्री १,५४०, रविवारी १,०६०. आम्ही खूष. डायलिसिस काढलं. सोमवारी १,०४०. तिथे गाडी अडली.

इथे आमची दुसरी मोठी चूक आहे. मुंबईच्या तज्ज्ञांनी शुक्रवारीच सांगितलं होतं, की आयसोल्यूसिन आणि व्हॅलिन लवकर सुरू करा. आम्हाला ते उलटं वाटलं. तिन्ही वाढलेली असताना त्यातली दोन आणखी कशाला द्यायची? अहवाल एक दिवस मागे चालत होते, कालचा आकडा बघून आजचं सुकाणू धरायचं. आम्ही थांबलो. पण ही दोन आम्लं ल्यूसिनपेक्षा झपाट्याने उतरतात. मंगळवारच्या अहवालात दोन्ही सामान्यापेक्षा खाली गेलेली दिसली. भिंत बांधायला तीन प्रकारचे चिरे लागत असतील आणि दोन संपले असतील, तर तिसऱ्याचा ढीग तसाच पडून राहतो. ल्यूसिन रक्तातून निघायचं तर त्याची नवी प्रथिनं बनायला हवीत, आणि ती अडली होती.

शुद्ध व्हॅलिन आणि आयसोल्यूसिन हवं, असं नातेवाइकांना सांगितलं. दोन तासांत बाळाचा मामा म्हापशाहून एक मोठा काळा डबा घेऊन धावत आला. तो जिमला जाणारा मुलगा. डब्यावर लिहिलं होतं बीसीएए. "डॉक्टर, यात दोन्ही आहेत." खरंच होती. आणि त्यांच्या प्रत्येकी दुप्पट ल्यूसिन. मी त्याला बाकावर बसवून चहा दिला आणि डबा माझ्या कपाटात ठेवला. त्या घाईत कुणी नवखा असता तर तो डबा वॉर्डात पोचलाही असता. शुद्ध आम्लं दुसऱ्या बसने आली. गुरुवारी ल्यूसिन ५१०. शनिवारी, बाळाच्या सतराव्या दिवशी, २४०.

त्यानंतर आईचं दूध परत आणलं, मोजून. शंभर मिली आईच्या दुधात सुमारे १०० मिलीग्रॅम ल्यूसिन असतं. या बाळाला किलोमागे दिवसाला ८० मिलीग्रॅमच्या आसपास सोसत होतं, म्हणजे दिवसाला २२० मिली. उरलेली भूक पावडरीवर. ल्यूसिन शरीराला थोडं तरी लागतंच, ते पूर्ण तोडलं तर बाळ वाढत नाही. इतके दिवस दर तीन तासांनी दूध काढून टिकवणारी आई नसती तर हा हिशेब कागदावरच राहिला असता.

निष्पत्ती

तेराव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला होता. एकतिसाव्या दिवशी बाळ घरी गेलं. जाताना हातात पिशवीभर पावडर, डिजिटल काटा आणि प्लास्टिकमध्ये घातलेलं एक पत्र: ताप, उलटी किंवा जेवण बंद झाल्यास प्रथिनं थांबवा, ग्लुकोज अमुक वेगाने लावा, अहवालाची वाट पाहू नका, या नंबरवर फोन करा. सातव्या महिन्यात तापाने एकदा ते पत्र वापरावं लागलं. रात्री अपघात विभागात नव्याने लागलेल्या डॉक्टर मुलीने ते वाचून वीस मिनिटांत सलाइन लावलं. ल्यूसिन ६००वर जाऊन तीन दिवसांत उतरलं.

थायमिनचा उपयोग झाला नाही, महिन्याने बंद केलं. आज मूल चौदा महिन्यांचं आहे. धरून उभं राहतं, माणसं ओळखतं, दोन शब्द बोलतं. थोडं मागे आहे. त्या पहिल्या आठवड्याने किती नेलं हे शाळेत जाईल तेव्हा कळेल.

केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात एमएसयूडी खास आहाराच्या गटातही आहे आणि यकृतरोपणाच्या गटातही. मदत नेमून दिलेल्या केंद्रांमार्फत मिळते, मुंबईचं केईएम त्यातलं एक. मुलाचं नाव तिथे नोंदवलं आहे. रोपणाचं बोलणं सुरू आहे. नव्या यकृताने जेवणाचं बंधन सुटतं, मेंदूला आधी झालेली इजा भरून येत नाही. घरच्यांचा निर्णय झालेला नाही आणि मी घाई करत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सरकारी खर्चाने नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताची तपासणी सुरू करणाऱ्या देशातल्या पहिल्या राज्यांपैकी गोवा एक, साल २००८. या बाळाचं टाचेचं रक्त घेतलंच गेलं नव्हतं. घेतलं असतं तरी शनिवार-रविवार धरून अहवाल पाचव्या-सहाव्या दिवशी आला असता. काही दिवस वाचले असते, सगळे नाहीत. म्हणून तपासणीवर सगळा भार टाकून मला मोकळं होता येत नाही.

आधीचं मूल गेलेलं असेल तर या बाळाला जन्मापासून वेगळं बघायला हवं होतं. आता आमच्याकडे केसपेपरवर हयात मूल शून्य असेल तर तो आकडा लाल पेनाने गोल करायचा आणि पहिल्या मुलाचं काय झालं हे आईला, शांतपणे, स्वतंत्र विचारायचं. नात्याचा प्रश्नही बदलला. "नात्यात लग्न आहे का" असं न विचारता "लग्नाआधी तुम्ही एकमेकांचे कोण लागत होता" असं विचारतो.

झटके किंवा गुंगी घेऊन आलेल्या प्रत्येक नवजात बाळाच्या लघवीत आल्याआल्या कीटोनची पट्टी. कारण कळेपर्यंत अमिनो आम्लांचं द्रावण लावायचं नाही.

खास पावडरीचा एक डबा आणि दोन्ही शुद्ध आम्लं वॉर्डात ठेवायची म्हटल्यावर भांडारातून अपेक्षित उत्तर आलं: वापर नाही, मुदत संपेल, नोंद कोण करणार. तोडगा बाळाच्या वडिलांनी काढला. मुदतीला तीन महिने उरले की तो डबा ते घेऊन जातात आणि आपला ताजा डबा आमच्या कपाटात आणून ठेवतात. नियमात बसतं की नाही हे मी विचारलेलं नाही.

एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आईने विचारलं, पहिलीलाही हेच होतं का. तिच्या रक्ताचा एक ठिपकाही कुठे ठेवलेला नव्हता. दोघंही वाहक आहेत, प्रत्येक गर्भाला चारात एक धोका आहे, पुढच्या वेळी अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा नमुना तपासता येईल, एवढं मी सांगितलं. तिने तेच पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मला तसं वाटतं.

आत्यांना वेगळीच टोचणी होती, लाडवांची. मेथीने काही केलेलं नाही, तिचा आणि या आजाराचा फक्त वास एक आहे, हे त्यांना पटायला दोन-तीन भेटी गेल्या. आता घरातला काटा त्यांच्याच ताब्यात असतो. परवा नागपंचमीच्या आधी त्या नातवाला घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी आपली वही उघडली आणि विचारलं की पातोळी किती देऊ. त्यांची एक पातोळी म्हणजे १२ ग्रॅम तांदळाचं पीठ आणि चुनात, म्हणजे सारणात, १५ ग्रॅम ओला नारळ. गूळ हिशेबात येत नाही, हळदीचं पान तर नाहीच. मुलाला दिवसाला ३८० मिलीग्रॅम ल्यूसिन चालतं, त्यातलं शंभराच्या वर एक पातोळी खाते. आम्ही दोघांनी बेरीज केली. त्यांनी वहीत लिहिलं: पातोळी अर्धी, दुपारच्या पेजेत तांदूळ ९ ग्रॅम कमी.